चिलखत की घासणी?

देवराम गोजर यांच्या घराण्याचा अपमान एका मंगळवारी, मुरबाडमध्ये, सकाळी सव्वाअकरा वाजता झाला आणि तो तीन प्रतींमध्ये झाला. एक प्रत समितीला, एक प्रत फायलीला आणि एक खुद्द देवरामला, सहीशिक्क्यासकट. हल्ली साधा अपमानसुद्धा तोंडी कोणी करत नाही.

झालं होतं ते असं. एका इतिहासप्रेमी मंडळाने ‘घरोघरचा ठेवा’ नावाचं प्रदर्शन जाहीर केलं होतं. ज्याच्या घरी जे जुनंपुराणं असेल ते आणून नोंदवायचं. देवराम टोकावड्याच्या अलीकडच्या गावचा. वाशिंदला खोली घेऊन तिथल्या एका स्प्रिंगांच्या कारखान्यात त्याने चौतीस वर्षं तार वळली आणि गेल्याच वर्षी निवृत्त होऊन तो घरी आला. त्याच्या देव्हाऱ्यात, टाकांच्या शेजारी, तळहाताएवढा लोखंडी कड्यांचा एक तुकडा होता. गोजरांचा कोणी मूळपुरुष गडावर शिलेदार होता आणि हा त्याच्या चिलखताचा तुकडा, असं घरात पिढ्यान्पिढ्या सांगत आलेले. दसऱ्याला त्याची पूजा व्हायची, आपट्याचं पहिलं पान त्याला जायचं. तो तुकडा बायकोच्या, रत्नाच्या, लग्नातल्या रेशमी ब्लाउजपिसात गुंडाळून देवराम मुरबाडला गेला.

नोंदणीच्या टेबलाशी शेखर नावाचे गृहस्थ बसले होते. अत्यंत सभ्य माणूस. त्यांनी तुकडा हातात घेतला, चुरगाळून पाहिला, उजेडाकडे धरला, नाकाशी नेला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘तारेची घासणी, जुनी. विभाग : स्वयंपाकघर.’

देवरामला आधी ते आपल्याबद्दल आहे हेच समजेना.

“साहेब, ह्ये चिलखत हाय,” तो म्हणाला.

“गोजर, लोखंड गंजतं. तीनशे वर्षांचं चिलखत असं चकचकीत राहील का? आणि याला राखेचा वास येतोय.”

“आमचा मूळपुरुष गडावर होता!”

“असेल ना. तोही जेवतच असेल.” शेखर समजुतीने म्हणाले. “हे पाहा, प्रदर्शनाला दीड महिना आहे. पुरावा आणा, मी स्वतः खोडून चिलखत लिहितो. नाहीतर पाटा-वरवंटा आणि सोऱ्या यांच्या मधली जागा दिली आहे. चांगली जागा आहे, वर पंखा आहे.”

पुराव्यासाठी देवराम तलाठ्याकडे गेला. तलाठ्याने सातबारा वरून खाली आणि खालून वर वाचला. इतर हक्कांत एक आंब्याचं झाड निघालं, चिलखत निघालं नाही. “झाडाचा दाखला देऊ का?” असं त्याने विचारलं, कारण रिकाम्या हाताने कोणाला परत पाठवायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

घरी येऊन देवरामने सगळी कहाणी रत्नाला सांगितली. ती तांदूळ पाखडत होती. पाखडता पाखडताच ती म्हणाली, “चकचकीत असनारच. मी तवा घासते ना त्यानं.”

देवरामने तुकडा उलगडून नाकाशी नेला आणि तिच्याकडे पाहिलं.

“असं काय बघता? तुमच्या आयनंच शिकवलं मला. दसऱ्याला पूजा, बाकी दिस तवा. त्यांना त्यांच्या सासूनं शिकवलं. आनि घासलं म्हनून तर ऱ्हायलं. नुसतं कुंकू लावून ठेवलं असतं तर कधीच माती झाली असती त्याची.”

हा मुद्दा बिनतोड होता. म्हणून देवराम रागावला. आणि रागाच्या भरात, ओटीवर आलेल्या शेजारच्या धाकलूदादांच्या साक्षीने, त्याने जाहीर केलं की असली जाळी वार अडवते हे मी सगळ्या तालुक्याला दाखवीन. देवातल्या तुकड्यावर तर कोयता चालवता येत नाही, तेव्हा तसलंच दुसरं चिलखत बनवीन, नवंकोरं! पूर्वजाला सोऱ्याशेजारी बसू देणार नाही!

धाकलूदादा हे गावातले अनुभवी शेतकरी. त्यांनी आयुष्यात चिलखत पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्यांचं मत ठाम होतं. “बैलाची साकल गुंडाल अंगाला. झालं चिलखत,” ते म्हणाले. अक्षय म्हणजे त्यांचा पुतण्या, कल्याणला कामाला जाणारा. त्याने तिथल्या तिथे मोबाइल काढला. “काका, सिंपल आहे. एका कडीत चार कड्या. बस तेवढंच रिपीट करायचं. फुल टाइमपास.”

तार वळणं हा तर देवरामच्या डाव्या हाताचा मळ. त्याने मुरबाडहून कुंपणाच्या तारेची भेंडोळी आणली, सळईभोवती घट्ट वळून लांबलचक स्प्रिंग केली आणि छिन्नीने एका रेषेत तोडली आणि कड्या खळखळ गळून पडल्या. मग दोन पकडींनी एकेक कडी उघडायची, चार कड्यांतून ओवायची आणि तोंडाला तोंड लावून दाबायची. एका कडीत चार, त्या प्रत्येकीत पुन्हा चार. पहिल्या दिवशी देवराम खुशीत होता. तिसऱ्या दिवशी त्याला डोळे मिटले तरी कड्या दिसू लागल्या. आठवड्याने रत्नालाही दिसू लागल्या, पण तिला त्या डोळे उघडे ठेवून दिसत होत्या. तांदळात कडी, केरात कडी, एकदा तर पाहुण्यांच्या पोह्यांत कडी. पाहुण्यांनी ती मुकाट्याने ताटलीच्या कडेला काढून ठेवली, पण पुन्हा पोहे घेतले नाहीत. धाकलूदादांच्या पत्नी लहानीवहिनींना अंगणात सापडलेली कडी पायाच्या बोटात बरोब्बर बसली, ती मात्र तेलाचं सगळं पातेलं उपडं केल्याशिवाय निघाली नाही. एका कोंबडीने तीन कड्या गिळल्या आणि पुढे दोन दिवस ती फार विचारात असल्यासारखी चालत होती.

तीन आठवड्यांत पाच हजार कड्यांची बंडी तयार झाली. अकरा किलो वजन. देवरामने ती दोरीवर वाळत घातल्यासारखी टांगून पाहिली आणि दोरी तुटली. पण दिसायला अशी देखणी, की धाकलूदादांनाही क्षणभर काही सल्ला सुचला नाही.

परीक्षा घ्यायची ठरली. अंगणात खांबावर एक लाल भोपळा बसवला, त्याला बंडी घातली. धाकलूदादांनी कोयता उचलला आणि सपकन वार केला. खण्‌ असा आवाज झाला. एकही कडी तुटली नाही! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बंडी वर करून पाहिलं, तर आत भोपळा तीन ठिकाणी फुटून त्याचा गर ओघळत होता.

“कापला तर नाय ना?” देवराम म्हणाला.

“कापला नाय रे,” धाकलूदादा म्हणाले, “पन मेला.”

दुसऱ्या भोपळ्यावर त्यांनी सुरी खुपसली. एक कडी सरळ आ करून उघडली, शेजारची उघडली आणि सुरी मुठीपर्यंत आत. लहानीवहिनी त्या दोन्ही भोपळ्यांची भाजी करायला घेऊन गेल्या. देवरामचं तोंड मात्र भाजी करपल्यासारखं झालं. बंडी वार अडवत होती, पण आतला माणूस वाचवत नव्हती, आणि टोक तर अडवतच नव्हती. शेखरसाहेबांना हे दाखवायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

निदान अंगात तरी घालून पाहावी, म्हणून दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना त्याने ती डोक्यावरून ओढली. माप त्याने कारखान्याच्या जुन्या गणवेशाच्या शर्टावरून घेतलं होतं. त्या शर्टानंतर मध्ये एक वर्ष गेलं होतं आणि त्या वर्षभरात रोज दोन्ही वेळ रत्नाच्या हातचं गरम जेवण होतं, हा हिशेब राहिला. शिवाय बंडी वरपासून खालपर्यंत सरळसोट, पाइपासारखी. काखेपर्यंत आली आणि अडकली. दोन्ही हात वर, डोकं आत, गळ्याचं भोक कपाळावर. पुढे जाईना, मागे येईना. जितकी ओढावी तितकी ती आवळत जाई.

देवराम तसाच बाहेर पडला. कड्यांतून अंधुक दिसत होतं तेवढ्यावर धाकलूदादांचं अंगण त्याने गाठलं. हात वर केलेलं, डोकं नसलेलं, खळखळणारं काहीतरी आपल्याकडे येतंय हे पाहून लहानीवहिनींनी किंकाळी फोडली आणि बैलाने दावं तोडलं. दहा मिनिटांत अर्धं गाव जमा झालं. मग सल्ले सुरू झाले. खोबरेल लावा. साबण लावा. श्वास सोडा. श्वास धरा. उलटा टांगा. एकाने मुरबाडच्या वेल्डिंगवाल्याला फोनसुद्धा लावला. “काका, एक मिनिट इकडे बघा ना,” अक्षय म्हणाला. तो व्हिडिओ काढत होता. देवराम आतून जे बोलला ते व्हिडिओत नीट आलेलं नाही, ते बरंच झालं.

तेवढ्यात सुक्या आला. गावाच्या टोकाला वाडीवर राहणारा, साठीचा माणूस. मजुरी मिळाली तर मजुरी, नाहीतर खांद्यावर पाग टाकून नदीवर. पाग म्हणजे हाताने फेकायचं मासे धरायचं जाळं, आणि सुक्याचा पाग त्याच्या स्वतःच्या हाताने विणलेला असायचा. त्याने गर्दी बाजूला केली, देवरामभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “देवरामभाऊ, पक्कड कुटं हाय?”

“कापू नको रे सुक्या!” आतून आवाज आला.

“जालं कोन कापतो काय? एक रांग सोडायची.” असं म्हणून त्याने काखेपासून कमरेपर्यंत एका सरळ रेषेतल्या कड्या उघडल्या, टपाटपा. बंडी कुडत्यासारखी उघडली आणि देवराम लालबुंद चेहऱ्याने बाहेर आला. सुक्या बंडी हातात घेऊन बारकाईने पाहत होता. त्याला हसू आलं होतं, पण माणूस मर्यादेचा.

“भाऊ, ह्ये तर जालंच हाय. पन तुमी ह्याला वाढ नाय दिली. पाग कसा, वर चिमटीत मावतो, खाली खल्यावानी पसरतो. दर फेऱ्याला चार-चार जादा डोले, म्हंजी घरं, लटकवत जायचं. पागात मासा मावायला पायजे, तसा ह्यात मानूस मावायला पायजे का नको?”

चौतीस वर्षं तार वळलेल्या माणसाला हे सुचलं नव्हतं. देवरामने सुक्याला ओटीवर बसवलं, चहा दिला आणि देव्हाऱ्यातला तुकडा आणून त्याच्या हातात ठेवला. गोजरांच्या घरात तो तुकडा परक्या हातात कधी दिला नव्हता. आत्ता ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

सुक्याने तुकडा बोटांनी चाचपला. मासा चाचपावा तसा, डोळे मिटून. “भाऊ, ह्याच्या कड्या टोचतात. हर कडीवर बारीक मुरूम हाय.”

देवरामने कारखान्यातलं भिंग काढलं आणि एकेक कडी उलटीसुलटी करून पाहिली. प्रत्येक कडीची टोकं एकमेकांवर चढवून चेपली होती, त्या चपट्या जागी भोक पाडलं होतं आणि भोकात मोहरीपेक्षा लहान खिळा ठोकून दोन्ही बाजूंनी बसवला होता. प्रत्येक कडीला! म्हणून ती उघडत नसणार. आपण नुसतं तोंडाला तोंड लावलं होतं, त्या माणसाने गाठ मारली होती.

“तवा घासायला कोन एवढे खिळे मारील गो?” तो रत्नाला म्हणाला, आणि महिन्याभरात पहिल्यांदा मनापासून हसला.

“ते ठीक,” रत्ना म्हणाली. “पन भोपला फुटला त्याचं काय? डोक्यावर हंडा घेताना आमी खाली चुंबळ ठेवतो. लोकंडाखाली काय नको? बाईमानसाला इचारलं असतं तर पयल्याच दिवशी सांगितलं असतं.”

तिने सहा पदरी जुनी गोधडी काढली. सुक्याची बायको गोदी हिचे टाके गावात सगळ्यात बारीक, तर दोघींनी मिळून तिच्यावर इतके दाट टाके घातले, की गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ उभी राहू लागली.

राहिले होते पंधरा दिवस. सबंध बंडीला खिळे मारायला सहा-सात महिने लागले असते, म्हणून देवरामने वीतभर चौकोनी जाळीच करायची ठरवलं. कडी तापवायची, टोकं चेपायची, भोक पाडायचं, खिळा ठोकायचा. पहिल्या दिवशी चार कड्या झाल्या आणि चौदा फुकट गेल्या. भोक कडेला गेलं की कडी फाटे, खिळा जाड झाला की कडी चिरे. देवराम चिडे, पकडी फेके, पुन्हा उचलून आणी. हळूहळू हात बसला. दिवसाला पंचवीस होऊ लागल्या. सुक्या येऊन शेजारी पाग विणत बसायचा. दोघं फार बोलत नसत. निवृत्त झाल्यापासून देवरामला दुपार खायला उठायची, ती आता कधी टळते ते कळत नव्हतं.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळीसुद्धा तो ठोकतच होता. शेवटच्या रांगेतली एक कडी चेपून झाली होती, भोक पाडायचं बाकी होतं, तोच रत्नाने ओरडून सांगितलं की एसटी फाट्यावर दिसते आहे. ती कडी तशीच राहिली आणि सगळी वरात मुरबाडला निघाली. देवराम, रत्ना, सुक्या, गोदी, धाकलूदादा, लहानीवहिनी, गोधडी आणि एक भोपळा. कंडक्टरने भोपळ्याचं तिकीट मागितलं नाही, पण त्याच्याकडे संशयाने पाहिलं.

मंडपात गर्दी होती. नियमाप्रमाणे आदल्या दिवशी जमा केलेला देव्हाऱ्यातला तुकडा पाटा-वरवंटा आणि सोऱ्या यांच्या मध्ये, पंख्याखाली पडला होता. त्याने टेबलावर भोपळा ठेवला, भोपळ्यावर गोधडी, गोधडीवर नवी जाळी. “साहेब, त्या तुकड्यासारखीच खिळे मारून केली हाय. मारा तुमीच,” तो शेखरना म्हणाला.

शेखरसाहेबांनी आयुष्यात भाजीवरसुद्धा सुरी चालवलेली नसावी. त्यांनी डोळे मिटून कोयता हाणला. खण्‌! मग लोकांनी आग्रह केला म्हणून दोन्ही हातांनी सुरी खुपसली. सुरीचं टोक एका कडीत घुसलं आणि अडकून बसलं. कडी वाकली, खिळा हलला नाही. जाळी उचलली, गोधडी उचलली. भोपळ्यावर साधा ओरखडा नव्हता! रत्नाने आधी भोपळ्याला हात लावून पाहिला आणि मग गोदीचा हात घट्ट धरला.

“थांबा,” धाकलूदादा पुढे आले. गावचाच माणूस घात करतो. त्यांनी खिशातून पोती शिवायचं दाभण काढलं आणि कडीच्या मधोमध भोकातून आरपार घातलं. ते गोधडीतही बोटभर शिरलं.

“जाईल,” देवराम म्हणाला. “बारीक टोकाला ही जाळी अडवत नाय. खोटं कशाला बोलू? दाभन घेऊन लढाईला येनारा भेटला, तर चिलखतवाल्यानं पलून जावं.”

मंडप हसला. शेखरही हसले, आणि शब्दाला जागून त्यांनी जुनी चिठ्ठी फाडली. नवी घेऊन ते मोठ्याने म्हणत लिहू लागले, “गोजर घराण्यातील शूर शिलेदाराच्या चिलखताचा तुकडा...” धाकलूदादांनी टाळ्या सुरू केल्या. जे पाहिजे होतं ते झालं होतं. देवरामने दोन्ही जाळ्या शेजारी शेजारी ठेवल्या, नवी आणि जुनी, लोकांना सारख्या दिसाव्यात म्हणून.

आणि त्याचा हात थांबला. त्याच्या जाळीच्या कडेला सकाळची ती कडी होती, चेपलेली, भोक न पाडलेली. जुन्या तुकड्याच्या कडेलाही एक कडी तशीच होती. टोकं एकमेकांवर चढवलेली, चेपलेली. भोक नाही, खिळा नाही. तो तुकडा त्याने जन्मभर पुजला होता, पण आधी अडीचशे कड्या स्वतः ठोकल्याशिवाय ही एक कडी दिसायची नव्हती. त्याने भिंग लावून चारी कडा पाहिल्या. एकही कडी तुटलेली, ओढलेली नव्हती. हा कोणाच्या अंगावरून फाटून आलेला तुकडा नव्हताच. हे ठिगळ होतं. कोणाचं तरी फाटलेलं चिलखत सांधायला कोणीतरी बसून केलेलं, आणि पाळी संपली म्हणून म्हणा, हाक आली म्हणून म्हणा, एक कडी राहिलेलं. लढाईला निघालेला माणूस घरात अर्धं केलेलं काम ठेवून जात नाही. ते कारागिराच्या घरात राहतं.

“साहेब, ‘शूर’ खोडा,” देवराम म्हणाला.

“अहो, पण आता तर सिद्ध झालं!”

“झालं ना. पन आमचा मानूस घालनारा नव्हता. करनारा होता.” त्याने ती कडी दाखवली. “घालनारा कोन, म्हाईत नाय. करनारा आमचा.”

“अरे देवराम, येड्या!” धाकलूदादा कळवळून म्हणाले. “आयता शिलेदार भेटला होता तुला!”

देवरामने ऐकलं नाही. चौतीस वर्षांत त्याने किती स्प्रिंगा वळल्या असतील याची मोजदाद नव्हती. गाड्यांच्या सीटखाली, पंपांच्या पोटात, दारांच्या कुलपांत त्या कुठे कुठे गेल्या, आणि एकीवरही त्याचं नाव नव्हतं. त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. आज वाटलं. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते पुसलंही नाही. सुक्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

शेखरनी पहिली ओळ खोडली. “कारागीर,” त्यांनी लिहिलं आणि वर पाहिलं. “नाव काय त्यांचं?”

“पयलं नाव आमाला कोनाला म्हाईत नाय,” देवराम म्हणाला. “तेवढी जागा मोकळी सोडा. पुढं गोजर लिवा. आनि मोठं लिवा.”